शेवटचा माणूस उठेपर्यंत

बाईने मठात धून धरू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. उतारवयात नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवून मी वाचायला शिकले, ती थोडीफार ते लिहिलेलं शोधायलाच. सापडलं नाही. सापडलं असतं तर मी ते मानलं असतं असं नव्हे, पण निदान भांडायला समोर एक पान तरी असतं.

आमचा मठ अमरावतीच्या वेशीबाहेर, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला लागून होता. आम्ही गुरव. पिंडीची पूजा, बेल-फुलं, झाडलोट आणि वाजवणं-गाणं आमच्या घराकडे. पण आमच्या मठात गुरवाला आणखी एक काम असे. सकाळी ऊन अंगणात उतरलं की मठाचे महाराज आणि गावातली काही माणसं घोंगड्या टाकून आसन लावून बसत. श्वास भरायचा, रोखायचा, सोडायचा. त्यांचं हे चालू असताना माझ्या बाने खांबाला टेकून एकतारीवर शिवाचं नाव गायचं. पहिलं नाव श्वास भरायला, दुसरं रोखायला, तिसरं सोडायला. बसणाऱ्याने बोटं मोजायची नाहीत, मनात आकडे म्हणायचे नाहीत, नुसतं त्या नावामागून जायचं. याला आमच्याकडे धून धरणं म्हणत.

याचे नियम कडक होते आणि ते महाराजांनाही मोडता येत नसत. बसलेल्यांत ज्याचा श्वास सगळ्यात आखूड, त्याच्या मापाची धून धरायची. महाराज दमाचे पक्के, एका श्वासात माणूस अर्धी पूजा उरकेल इतका वेळ ते थांबायचे. पण त्यांच्यासाठी नाव लांबवायचं नाही. कोपऱ्यात एखादा म्हातारा धापा टाकत बसला असेल तर त्याच्या पोटाकडे बघायचं, ते जेवढं हलेल तेवढंच नाव. आणि एकदा धरलेली धून शेवटचा माणूस डोळे उघडून घोंगडीवरून उठेपर्यंत सोडायची नाही. तोवर धून धरणाऱ्याला कुणी हटकायचं नाही, उठवायचं नाही. श्वासात उतरलेल्या माणसाची धून तोडणं म्हणजे विहिरीत उतरलेल्याचा दोर कापणं, असं बा म्हणायचा.

धून धरणाऱ्याला स्वतःलाही श्वास लागतो, हे मात्र ऐकणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. तो चोरून घ्यायचा. तार घुमत असते तेवढ्यात, नावाच्या काठावर, खांदा न हलवता. मी हे शिकले ते मठाच्या भिंतीबाहेर ओट्यावर बेलाची पानं निवडता निवडता. बायकांना आत आसनाला बसायची सोय नव्हती, पण कान काही कुणी बाहेर काढून ठेवायला लावले नव्हते. बाला मुलगा नव्हता म्हणून त्याने मला शिकवलं, असं लोक पुढे सांगू लागले. खोटं आहे. त्याने मला एक अक्षर शिकवलं नाही. मी घरात चुलीपुढे धून म्हणायची, तो ऐकायचा आणि गप्प राहायचा. चांगलं म्हणायचा नाही हे एक वेळ ठीक. पण चुकलं असंही कधी म्हणाला नाही. मठात त्याच्या हाताखाली काही दिवस बसलेल्या एका भाच्याची त्याने स्वरास्वराला खरडपट्टी काढली होती. माझी चूक काढायलाही मी त्याला लायक वाटत नव्हते, याचा मला फार राग यायचा.

मग कापसाची ती वर्षं आली. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस अडला, म्हणून आमच्या बोंडांना सोन्याचे दिवस आले, एवढं आम्हाला कळत होतं. माणसांनी अंगणात तेवढी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, लावायची बाकी ठेवली होती. ज्वारीची वावरं कापसाने गिळली. आमचं घर चालायचं ते शेतकऱ्याच्या खळ्यावरून येणाऱ्या बलुत्याच्या दाण्यांवर. खळ्यावर दाणाच नाही तर गुरवाला देणार काय? तेव्हा बा आणि माय दोघंही एका अडत्याच्या वाडीत हातचरखीवर सरकी काढायला जाऊ लागले. लाकडाच्या दोन रुळांत कापूस घालायचा, सरकी अलीकडे पडते, रुई पलीकडे जाते, आणि मधला सगळा बारीक तंतू नाकातोंडात. संध्याकाळी घरी येताना दोघांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याला आयुष्यभर रुई पिंजून जो खोकला लागला होता, तो बाला दोन हंगामांत लागला.

माझं सासर अकोल्याचं. त्या हंगामात नवरा कापसाच्या गाड्या घेऊन रस्त्यावरच असायचा, घरी पाठ टेकायचीही पंचाईत. बाचं बरं नाही असा निरोप आला तेव्हा सासूने मला आनंदाने धाडलं. खाणारं एक तोंड कमी झालं.

हाच अडत्या तेव्हा मठाचा मोठा आधार झाला होता. त्याने पिंडीपुढे सागवानी खांबांचा नवा मंडप बांधून दिला आणि स्वतःही सकाळी आसनाला बसू लागला. मांडी नीट घालता येत नव्हती. श्वास तर असा की बाने त्याच्या पोटाकडे बघून नाव निम्म्यावर आणलं होतं. गड्याला वाटायचं, आपण महाराजांच्या बरोबरीने चाललोय. उथळ पाण्याला खळखळाट फार. बाने त्याला कधी कळू दिलं नाही, कारण ते कळू न देणं हेच बाचं काम होतं.

एका सकाळी दुसऱ्या नावावर बाचा दम तुटला. खोकला नाही, ठसका नाही, नुसता आवाज संपला. मी बाहेर ओट्यावर होते. आत सगळी माणसं श्वास रोखून बसलेली आणि सोडायला नाव नाही. त्या वेळी मी काही ठरवलं वगैरे नाही. तिसरं नाव मी बाहेरूनच उचललं, गात गात उंबरा ओलांडला, बाच्या मांडीवरची एकतारी घेतली आणि त्याच्या शेजारी बसले. तो खांबाला डोकं टेकून बसून राहिला. शेवटचा माणूस उठला तेव्हाच मी थांबले.

सगळ्यात आधी अडत्याला कंठ फुटला. "हे काय चालून राहिलं, महाराज? आता बायकाईनं धून धरायची काय?"

"धून तुटली नाई, शेटजी," बा कसाबसा म्हणाला.

"ते माह्या ध्यानात हाय. पण उद्या हे अडचणीची बसन, तवा देव काय तिची वाट पाहत बसन काय? माह्या मंडपात हे चालाचं नाई."

महाराज घोंगडीची घडी घालत होते. ती एवढीशी घोंगडी, पण घडी काही संपेना. मला अडत्यापेक्षा त्यांचा राग जास्त आला. अडत्याला निदान बोलायची लाज नव्हती.

गावात व्हायचं ते झालं. विहिरीवर बायांनी पदर तोंडाला लावले. माय तर रडकुंडीला आली. "अकोल्याले कळलं तं तुले कोण नांदवन व?"

"कळू दे. तुह्या जवायाले माहा आवाज लगनाच्या आधीपासून माहीत हाय," मी म्हटलं.

अडत्याने अकोल्याहून एक गवई आणला. माणूस खरंच मोठा गळ्याचा होता, ते मी नाकारणार नाही. पण त्याला पोटं बघायची सवय नव्हती. तो डोळे मिटून गायचा. नाव हातात घेतलं की ते खेळवायचा, वर न्यायचा, तिथे थांबवायचा, आणि खाली श्वास रोखून बसलेली माणसं लाल व्हायची. अडत्याने पहिल्या आठवड्यातच आसन सोडलं आणि लोडाला टेकून मान डोलवायला लागला. वाह वाह करायला श्वास रोखावा लागत नाही.

बाकीच्यांना मात्र तो मार्ग नव्हता. एकेक म्हातारा घरी बसला. वाडीत काम करणारे ज्यांची छाती रुईने भरली होती, ते तर त्याआधीच यायचे बंद झाले. बा मात्र मठात जात राहिला. धून धरता येत नाही तर बसता तरी येईल, म्हणून आपली घोंगडी घेऊन कोपऱ्यात बसला. छातीला आराम पडायचा तो त्याला त्या श्वासानेच, वैद्याच्या काढ्याने नव्हे. तिसऱ्या दिवशी त्या गवयाच्या दुसऱ्या नावावर त्याला घेरी आली. ओठ निळे पडले. दोघांनी धरून घरी आणला आणि त्यांच्यातल्या एकाने अडत्याचा निरोप दिला: दमेकऱ्याने घरीच बसावं, मठात अपशकून नको.

ज्या मठात आखूड श्वासाच्या माणसासाठी धून असते, त्या मठात आखूड श्वासाचा माणूस अपशकुनी! माझ्या बाने उभा जन्म दुसऱ्यांच्या छातीला सांभाळून घेतलं आणि त्याच्या छातीला सांभाळणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की धून मी धरणार, आणि बा तिच्यासमोर बसणार. कुणाला आवडो न आवडो.

संधी कापसानेच आणून दिली. त्या वर्षी सौदा न करणारा माणूस शोधून सापडत नव्हता. न्हावी हजामत अर्धी टाकून भाव विचारायला जायचा. गवयानेही कापसाच्या गाठींच्या सौद्यात हात घातला होता. भाव खालीवर होतोय असं कानावर आलं की तो अकोल्याला पळायचा. नव्याचे नऊ दिवस संपले होते. तो असाच गेला आहे आणि मठात सकाळी नुसती शांतता आहे, असं कळल्यावर मी एकतारी पुसली, बाची घोंगडी काखेत मारली आणि त्याला म्हटलं, "चाल."

"कोठी?" तो म्हणाला. पण विचारता विचारता उठून त्याने मुंडासं बांधायला घेतलं होतं.

मठ काही लांब नव्हता, पण आम्हाला बराच वेळ लागला. रस्त्याने बडनेऱ्याच्या बाजूला कापसाच्या गाड्यांची रांग चालली होती. तिकडे रुळांचं काम सुरू होतं आणि आता कापूस वाऱ्याच्या वेगाने मुंबईला जाणार असं सगळे सांगायचे. एकेक गाडी जाऊ द्यायची, धुरळा बसू द्यायचा, मग बाने पुन्हा चार पावलं टाकायची. मंडपाच्या पायरीवर अडत्याचा दिवाणजी उभा होता.

"शेटजीनं नाई म्हटलं हाय बाप्पा. बाईले अडचण असते."

"माही अडचण महिन्यातून एकडाव," मी म्हटलं. "तुमच्या गवयाची अडचण तं अकोल्याच्या बजारात रोज भाव पुसून राहिली. व्हा बाजूले."

आत घोंगड्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. दिवाणजी बाजूला झाला नाही, पण बा त्याच्या अंगावरूनच आत निघाला आणि आजारी माणसाला धक्का द्यायची त्याची छाती झाली नाही. बाने नेमकी महाराजांच्या समोरची जागा धरली. मी खांबापाशी बसले, तार लावली आणि पहिलं नाव घेतलं.

घरी मी रोज बाच्या उशाशी असायची. तो किती खोकतो, किती झोपतो, सगळं मला पाठ होतं. पण त्याच्याकडे श्वास किती उरलाय हे मला त्या दिवशी धून धरल्यावर कळलं. मी नाव थोडं आखूड केलं. बाचं पोट नाव संपायच्याही आधी थांबलं. आणखी आखूड केलं. तेव्हा कुठे आमची गाठ पडली. ते नाव इतकं लहान होतं की तार पुरती घुमायच्या आत संपायचं. पण मंडपातली सगळी माणसं, महाराजांसकट, त्या लहान नावात मुकाट्याने उतरली आणि बाच्या श्वासाने श्वास घेऊ लागली.

दिवाणजी धावत गेला असणार. थोड्याच वेळात घोडी पायरीशी थांबली आणि अडत्या आत आला.

"कोणाले इचारून बसली व?"

मी काय बोलणार? माझ्या तोंडात नाव होतं. तो पुढे आला आणि एकतारीकडे हात करणार तेवढ्यात महाराजांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"धून धरेल हाय, शेटजी. उठवता येत नाई."

"कधी उठन मंग?"

"शेवटचा उठन तवा."

महाराजांना बोलायला इतके दिवस का लागले ते मला माहीत नाही. मी त्यांना ते कधी माफ केलं नाही, पण त्या दिवशी बोलले ते बोलले.

अडत्या उंबऱ्याजवळच्या खांबाला टेकून वाट बघत उभा राहिला. एकेक माणूस रोजच्या वेळेला डोळे उघडून उठू लागला. महाराज उठले. घोंगड्या गोळा झाल्या. बा उठला नाही. त्याला एरवी एवढा वेळ मांडी घालून बसवत नसे, पाठीला कळ लागायची. तो बसून राहिला. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, आणि पोट हळूहळू हलतंय. ऊन खांबांवरून खाली सरकलं. माझा घसा कोरडा पडला, बोटाला तार कापू लागली, आणि माझे चोरटे श्वास आता लहान मुलालाही दिसले असते. उठून दारापर्यंत गेलेला एक शेतकरी परत फिरला, त्याने घोंगडी पुन्हा अंथरली आणि बाच्या शेजारी बसला. त्याच्या मागून दुसरा आला. मग मठाच्या बाहेर रुईची टोपली घेऊन थांबलेल्या वाडीतल्या दोन बाया उंबऱ्याशी येऊन बसल्या, पदर सावरून, अगदी अडत्याच्या पायाशी. त्या त्याच्याच वाडीत कामाला होत्या. आत बसू की नको असं त्यांनी कुणाला विचारलं नाही.

बाजारातून अडत्याला बोलावणं आलं. मग पुन्हा आलं. बोली सुरू झाली होती आणि त्या दिवसांत बोलीला हजर नसणं कुणालाच परवडत नव्हतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा बाकडे बघून पाय आपटत निघाला. घोडीच्या टापा रस्त्यावर पार विरून गेल्या, तेव्हा बाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग शेजारच्याच्या खांद्याला धरून तो उठला आणि माझी धून सुटली.

पुढे अडत्याने मंडपातलं तेल-वात बंद केलं, माझ्या मायला वाडीतून काढलं, आणि मंडप माझा म्हणून त्यात कापसाच्या गाठी रचल्या. आम्ही घोंगड्या अंगणात टाकल्या. उंबऱ्याशी बसलेल्या त्या बाया अंगणात आल्या, कारण अंगणाला उंबराच नव्हता. अकोल्याला कळायचं तेही कळलं. नवऱ्याने गाडी मठासमोर उभी करून धून ऐकली आणि म्हणाला, घरी यायचं तेव्हा येजो. लोकांनी मला खूप नावं ठेवली. त्यातलं एकही मी खाली पडू दिलं नाही. सगळी आठवणीत आहेत, आणि ठेवणाऱ्यांचे चेहरेही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी घरी जातानाचं. निम्म्या वाटेवर बा एका दगडावर टेकला. गाड्या चालल्याच होत्या. तो बराच वेळ दम गोळा करत राहिला. शाबासकी देईल असं मला वाटलं नव्हतं, पण काहीतरी बोलेल असं वाटत होतं.

"तिसऱ्या नावाले घाई केली तू," तो म्हणाला. "लयच घाई केली. असं सोडते काय कोणी?"

माझ्या जन्मात त्याने काढलेली ही माझी पहिली चूक. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी रस्त्याकडे बघितलं. पण खोटी चूक मी बाच्याही तोंडून ऐकून घेणारी नव्हे.

"म्या घाई नाई केली, बा. तुहा दम तेवढाच उरला."

हे मी त्याला असं तोंडावर सांगायला नको होतं, असं माय मरेपर्यंत म्हणत होती. मला तसं वाटत नाही. ज्याने सगळ्यांची पोटं बघितली त्याला आपल्या पोटाचं खरं कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगण्याचा हक्क धून धरणाऱ्याचाच.

बाने छातीवर हात ठेवून एक श्वास घेऊन पाहिला. मग त्याने हात पुढे केला, मी त्याला उठवलं.

"मंग बराबर धरली," तो म्हणाला. "उद्या आनखी आखूड लागन. भेवू नोको."

दुसऱ्या दिवशी ती आखूडच लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. मी भ्यायले, पण धरली.